कुंपणानेच शेत खाल्ले, तर दाद कोणाकडे?

शेतकरी बंधूंनो, रापणकार भावांनो, मासळीच्या पाटीमागे बसणाऱ्या मायबहिणींनो!

बाजारात बांगडा घ्यायला आलेले गिऱ्हाईक आधी काय करते? कल्ला वर करून बघते. लाल असेल तर भाव विचारते, काळवंडलेला असेल तर नाक मुरडून पुढच्या पाटीकडे जाते. पेरणीपूर्वी जाणता शेतकरी काय करतो? मिठाच्या पाण्यात भाताचे बी टाकतो. पोचट दाणे वर तरंगतात ते फेकून देतो, आणि तळाशी बसलेले भरीव दाणे तेवढे पेरायला घेतो. बांगडा असो की बियाणे, पारख केल्याशिवाय आपण गाठीचा पैसा सोडत नाही.

पण हाच चतुर माणूस सकाळी चहाच्या दुकानात बसतो, कोणीतरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागतो, आणि हा नुसती मान डोलावतो! "पेपरात आलंय!" एवढे दोन शब्द कानी पडले की आमची सारी पारख संपली. छापील अक्षर म्हणजे जणू देवाचा कौल! त्या अक्षराचा कल्ला उचलून बघावा असे कोणाच्या मनातही येत नाही.

हल्ली शहाणी माणसे सांगतात की खोट्या बातम्यांचा रोग मोबाइलबरोबर आला. वर्तमानपत्रे कशी सोज्वळ होती, आणि या फोनने सगळे नासवले! बंधूंनो, हे सांगणेच मुळात खोटे आहे. खोटी बातमी ही वर्तमानपत्राच्या घरातच जन्मली, तिथेच वाढली आणि कित्येकदा तिथे तिला बक्षिसेही मिळाली. शेताची राखण करायला घातलेल्या कुंपणानेच शेत खाल्ल्याच्या या कहाण्या आहेत. त्या तुम्हांला सांगायच्या याचे कारण एकच. खोट्या बातमीची किंमत ती छापणाऱ्याने फारशी कधी मोजली नाही. ती मोजली नांगर धरणाऱ्याने आणि होडी वल्हवणाऱ्याने.

एका सेंटचा पेपर आणि चंद्रावरची माणसे

गोष्ट न्यूयॉर्कची. १८३३ साली बेंजामिन डे नावाच्या छापखानेवाल्याने 'द सन' नावाचे दैनिक काढले. इतर पत्रे सहा सेंटला विकली जात, याने आपले एका सेंटला विकले. सहाचा माल एकाला कसा परवडतो? तुम्ही बाजारातली माणसे, हा प्रश्न तुम्हांला लगेच सुचेल. परवडतो, कारण खरा पैसा वाचकाकडून येत नाही, जाहिरातदाराकडून येतो. जितका खप जास्त तितकी जाहिरात महाग. म्हणजे गिऱ्हाईक जाहिरातदार, आणि पाटीत मांडलेली मासळी कोण? तुम्ही आणि मी!

मग खप वाढवायला काय करायचे? १८३५ च्या ऑगस्टमध्ये या पत्राने एक लेखमाला सुरू केली. जॉन हर्शेल हा त्या काळचा मोठा खगोलशास्त्रज्ञ तेव्हा खरोखरच दक्षिण आफ्रिकेत केप येथे आकाशाचे निरीक्षण करीत होता. त्याचे नाव घेऊन छापले की त्याने प्रचंड दुर्बिणीतून चंद्रावर जंगले पाहिली, प्राणी पाहिले, आणि वटवाघळासारखे पंख असलेली माणसेही पाहिली! लिहिणारा होता रिचर्ड अॅडम्स लॉक. त्या दिवसांत केपहून पत्र यायला महिने लागत. हर्शेलला विचारणार कोण? लोक तुटून पडले, खप चढला, आणि थाप उघडकीला आल्यावरही पत्राने सरळ माफी काही मागितली नाही.

यात कोणाचा जीव गेला नाही म्हणून आज आपण हसतो. पण थापेची कृती नीट पाहून ठेवा. खरे नाव, दूरचे ठिकाण, खात्री करून घ्यायला वाव नाही, आणि ऐकणाऱ्याला हवीहवीशी वाटणारी गंमत. आजही खोटे याच चार दोऱ्यांनी विणले जाते.

बुडालेले जहाज, चढलेला खप

पुढच्या गोष्टीत हसण्यासारखे काही नाही. १५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री क्यूबातल्या हवाना बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. अडीचशेहून जास्त खलाशी गेले. क्यूबा तेव्हा स्पेनची वसाहत होती. स्फोट कशाने झाला ते कोणालाच माहीत नव्हते. पण न्यूयॉर्कच्या विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या पत्रमालकाला चौकशीची गरज काय? त्याच्या 'जर्नल'ने दोन दिवसांत शत्रूचे कृत्य म्हणून बोंब ठोकली आणि गुन्हेगार दाखवणाऱ्याला ५० हजार डॉलरचे बक्षीस लावले. समोर जोसेफ पुलित्झरचे 'वर्ल्ड' होतेच, तेही मागे राहिले नाही. दोघांची स्पर्धा खपाची, आणि भडका उडाला तो देशाच्या माथ्यात.

एप्रिलमध्ये युद्ध सुरू झाले. युद्धाची इतर कारणेही होती, एकट्या वर्तमानपत्रांनी ते घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण आगीत तेल कोणी ओतले यात शंका नाही. स्पेन हरला, आणि फिलिपिन्स, पोर्तो रिको, ग्वाम या भूमी एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे गेल्या. तिथल्या माणसांना कोणी विचारले? ७८ वर्षांनी, १९७६ साली, अमेरिकेच्याच अॅडमिरल रिकोव्हरने तज्ज्ञांना घेऊन पुन्हा तपास केला. निष्कर्ष निघाला की स्फोट बहुधा जहाजाच्या आतूनच, कोळशाच्या कोठारातल्या आगीने झाला असावा. पण ७८ वर्षांनंतरचा खुलासा मेलेल्यांच्या काय कामाचा?

इथे एक गंमत सांगून ठेवतो. हर्स्टने आपल्या चित्रकाराला "तू चित्रे पुरव, युद्ध मी पुरवतो" अशी तार केली होती, असे सर्रास सांगतात. ती तार आजवर कोणाला सापडलेली नाही. एका दुसऱ्या पत्रकाराने १९०१ साली ती गोष्ट लिहिली आणि हर्स्टने ती नाकारली. म्हणजे खोटेपणाविरुद्ध सांगितली जाणारी ही गोष्टसुद्धा पारखल्याशिवाय घेण्यासारखी नाही! आपल्याला आवडणारी गोष्ट आपण पारखत नाही, हीच खोट.

थुंकदाणीतला भाकरीचा तुकडा

शेतकरी बंधूंनो, आता जे सांगतो ते मन घट्ट करून ऐका, कारण ही तुमच्याच जातीची, म्हणजे नांगर धरणाऱ्यांची गोष्ट आहे.

युक्रेन हा जगातला सुपीक मुलूख. काळी माती, गव्हाचे कोठार. १९२९ पासून स्टालिनच्या सरकारने तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी, गुरे, अवजारे सामुदायिक शेतीत ओढायला सुरुवात केली. मग सरकारने धान्यवसुलीचे आकडे ठरवले, पिकेल त्यापेक्षा जास्त! ते भरले नाहीत म्हणून घराघरांत शिरून बियाण्यासाठी ठेवलेले दाणेही उचलले. ७ ऑगस्ट १९३२ चा कायदा असा होता की सामुदायिक शेतातले धान्य चोरले तर मृत्युदंड किंवा दहा वर्षे कैद. कापणी झालेल्या शेतातली चार कणसे वेचणाऱ्या बाया त्यात सापडल्या. जानेवारी १९३३ मध्ये हुकूम निघाला की उपाशी शेतकऱ्यांना प्रदेश सोडून बाहेर जाऊ देऊ नये. घरात दाणा नाही, गाव सोडायची मुभा नाही. आणि त्याच काळात लाखो टन धान्य परदेशी निर्यात होत होते! १९३२-३३ च्या त्या दुष्काळात एकट्या युक्रेनमध्ये ३५ लाखांहून अधिक माणसे मेली असे आजचे अभ्यासक मानतात.

आणि जगाला काय वाचायला मिळाले?

मॉस्कोत 'न्यूयॉर्क टाइम्स'चा बातमीदार होता वॉल्टर ड्युरान्टी. मोठे नाव, मोठा दबदबा. १९३१ सालच्या वार्तापत्रांबद्दल १९३२ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालेले. मॉस्कोत चांगले घर, दिमतीला मोटार, खुद्द स्टालिनची मुलाखत घेतलेली. हे सारे टिकायचे तर सरकारची मर्जी टिकायला हवी. परदेशी बातमीदाराची प्रत्येक तार सेन्सॉरच्या हाताखालून जात असे, आणि मर्जी गेली तर देशातून हकालपट्टी.

त्याच मार्चमध्ये वेल्सहून एक तरुण आला. गॅरेथ जोन्स, वय २७. याची आई लग्नापूर्वी युक्रेनमध्ये एका ब्रिटिश कारखानदाराच्या घरी शिक्षिका होती. तिच्या आठवणी ऐकत हा मोठा झाला आणि रशियन भाषा शिकला. पाठीवर खाण्याची पिशवी टाकून तो आगगाडीने निघाला, वाटेत उतरला, आणि बर्फातून एकेका खेड्यातून पायी चालत गेला. तो शेतकऱ्यांच्या झोपड्यांत झोपला, त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलला. जिथे जाई तिथे एकच वाक्य: भाकरी नाही, आम्ही मरतो आहोत. गाडीत त्याने आपल्याजवळच्या भाकरीचा एक तुकडा थुंकदाणीत टाकला. शेजारच्या शेतकऱ्याने तो थुंकदाणीतून काढला आणि अधाशासारखा खाल्ला.

हे त्याने २९ मार्च १९३३ रोजी बर्लिनमध्ये पत्रकारांपुढे सांगितले. दोनच दिवसांनी ड्युरान्टीचे उत्तर छापून आले. मथळ्याचा आशय असा, की रशियन भुकेले आहेत, पण उपासमारीने मरत नाहीत! अन्नाची टंचाई आहे, कुपोषणातून येणाऱ्या रोगांनी मृत्यू वाढले आहेत, पण दुष्काळ मात्र नाही. शब्दांची ही कसरत बघा. माणूस उपाशी राहिला, अंगात ताकद उरली नाही, ताप आला, मेला. मग तो भुकेने मेला की तापाने? आपल्या गावातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, ती एका शब्दात सांगेल. पण पारितोषिकविजेत्या बातमीदाराला ते समजले नाही!

समजले नाही असेही नाही. तोच ड्युरान्टी सप्टेंबर १९३३ मध्ये मॉस्कोतल्या ब्रिटिश वकिलातीत खाजगीत म्हणाला की अन्नाच्या अभावी प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून एक कोटीपर्यंत माणसे मेली असणे शक्य आहे. वकिलातीच्या कागदपत्रांत त्याची नोंद आहे. साहेबाच्या बैठकीत एक, छापील कागदावर दुसरे! याला चूक म्हणत नाहीत, याला लबाडी म्हणतात.

आणि शेवट काय झाला? नोव्हेंबर १९३३ मध्ये अमेरिकेने सोव्हिएत सरकारला मान्यता दिली आणि न्यूयॉर्कच्या मेजवानीत ड्युरान्टीसाठी टाळ्या वाजल्या. जोन्सला सोव्हिएत देशाचे दार बंद झाले. मॉस्कोतल्या इतर बातमीदारांपैकी काहींनी त्यालाच खोटा ठरवले. मे महिन्यात त्याने त्याच 'न्यूयॉर्क टाइम्स'ला पत्र लिहून सांगितले की सेन्सॉरच्या धाकाने हे लोक दुष्काळाला टंचाई म्हणायला शिकले आहेत. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९३५ मध्ये, तिसावा वाढदिवस एका दिवसावर असताना चीनच्या उत्तरेकडील मुलखात लुटारूंनी त्याला ठार केले. ड्युरान्टीचे पारितोषिक? ते परत घ्यावे अशी मागणी झाली, २००३ साली पारितोषिक मंडळाने विचार केला आणि ते परत न घेण्याचे ठरवले. त्याच्या स्वतःच्या पत्राने पुढे त्याच्या लिखाणाबद्दल खेद व्यक्त केला, एवढेच.

दोघांत फरक कोणता होता? ड्युरान्टी जास्त अनुभवी होता, त्याचे पत्रही मोठे होते. जोन्सकडे एकच गोष्ट जास्त होती. तो शेतकऱ्याच्या दारात गेला होता.

होड्या जप्त, 'दुष्काळ' हा शब्दही जप्त

मच्छीमार भावांनो, आता तुमची पाळी. फार लांब जायला नको, आपल्याच देशात बंगालला चला.

१९४२ साली जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला. ते समुद्रमार्गे बंगालात उतरतील या भीतीने इंग्रज सरकारने किनारपट्टीच्या जिल्ह्यांतून तांदूळ हलवला आणि दहाहून अधिक माणसे बसतील अशा होड्या काढून घेतल्या, मोडल्या, जाळल्या. हजारो होड्या! बंगाल म्हणजे नद्यांचा मुलूख, तिथे होडी म्हणजे बैलगाडी आणि होडी म्हणजेच शेत. मासेमाऱ्याची होडी गेली की चूल विझली. १९४३ चा दुष्काळ आला तेव्हा सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त चिरडले गेले ते भूमिहीन मजूर आणि हे मासेमारी करणारे. मेले किती? सरकारी चौकशी आयोगाने १५ लाख म्हटले, पुढच्या अभ्यासकांचा अंदाज ३० लाखांच्या आसपास जातो.

सरकारने मात्र कायद्याने दुष्काळ जाहीर केलाच नाही. दुष्काळ जाहीर केला की मदत देण्याची जबाबदारी येते! युद्धकाळातल्या नियमांनी वर्तमानपत्रांची तोंडे बांधलेली. शब्द तोच जो मॉस्कोत चालला: टंचाई. स्टालिनचे राज्य आणि इंग्रजांचे राज्य एकमेकांचे वैरी, पण भुकेलेल्यावर पांघरूण घालायला दोघांनी एकच गोधडी वापरली.

पण इथे एक माणूस उभा राहिला. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'चा संपादक इयान स्टीफन्स. स्वतः इंग्रज, पत्र इंग्रज मालकीचे. त्याने नियम वाचले आणि त्याच्या ध्यानात आले की बंदी शब्दांवर आहे, छायाचित्रांवर नाही! २२ ऑगस्ट १९४३ च्या रविवारी त्याने कलकत्त्याच्या रस्त्यांवरच्या मरणासन्न माणसांची छायाचित्रे छापली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा छापली. दिल्लीपासून लंडनपर्यंत झाकलेले उघडे पडले. ऑक्टोबरमध्ये नवा व्हाइसरॉय वेव्हेल स्वतः कलकत्त्यात आला आणि मदतीला सैन्य लावले. चित्तप्रसाद या चित्रकाराने दुष्काळग्रस्त मेदिनीपूरमध्ये पायी फिरून 'हंग्री बेंगॉल' नावाची पुस्तिका काढली, ती मात्र सरकारने जप्त करून जाळली.

म्हणून कोणी मला विचारील, "सगळी वर्तमानपत्रे खोटी, तर वाचावीच कशाला?" तर त्याला माझे उत्तर हे आहे. जोन्सही वर्तमानपत्रवाला होता आणि स्टीफन्सही. विहिरीत घाण पडली म्हणून आपण पाणी पिणे सोडत नाही, विहीर उपसतो. वर्तमानपत्र नको म्हणणाऱ्याचा सर्वांत जास्त आनंद होईल तो लबाडांनाच.

आपल्या अंगणात

गोव्याच्या माणसाला हे सारे परके वाटू नये. सालाझारच्या राजवटीत इथल्या वर्तमानपत्राचा मजकूर आधी सेन्सॉरपुढे ठेवावा लागे, मगच तो छापला जाई. १९५१ साली लिस्बनने घटना दुरुस्त केली आणि 'वसाहत' हा शब्द पुसून त्या जागी 'सागरापलीकडचा प्रांत' लिहिले. झाले, वसाहतवाद संपला! शेतावर कुळ तेच, शिरावर साहेब तोच, कागदावरचा शब्द तेवढा बदलला. या छापील आणि आकाशवाणीवरच्या प्रचाराला उत्तर द्यायला १९५५ च्या नोव्हेंबरात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी सरहद्दीपलीकडच्या जंगलात ट्रान्समीटर लावला आणि १९६१ च्या मुक्तीपर्यंत गोव्याला दडवलेल्या बातम्या ऐकवल्या. १४ डिसेंबर १९६१ रोजी सालाझारने गव्हर्नर वासालो इ सिल्व्हाला तार केली की शरण येऊ नका, आमचे सैनिक एक तर विजयी असतील नाही तर मृत. १९ तारखेला गव्हर्नर शरण आला. लिस्बनमध्ये बसून दुसऱ्याच्या मुलांचे हौतात्म्य मागणे सोपे असते.

ते राज्य गेले, सेन्सॉरही गेला. मग आता सगळे खरे छापून येते का? सेन्सॉर गेला आणि त्याच्या खुर्चीवर पैसा येऊन बसला! २००९ ची महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक आठवा. 'द हिंदू'चे पी. साईनाथ यांनी एकमेकांशी स्पर्धा करणारी मराठी दैनिके शेजारी शेजारी मांडून दाखवली. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा मजकूर, शब्द न् शब्द तोच, वेगवेगळ्या पत्रांत वेगवेगळ्या नावांनी! पानेच्या पाने स्तुती, आणि उमेदवाराने दाखवलेला वर्तमानपत्री जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये. चव्हाण यांनी आरोप नाकारला, आणि २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाचा त्यांच्याविरुद्धचा आदेश रद्द केला, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण माझा प्रश्न उमेदवाराला नाहीच, पत्रांना आहे. एकच मजकूर तीन बातमीदारांना एकाच झोपेत स्वप्नात पडला काय?

प्रेस कौन्सिलने या धंद्याची चौकशी करायला दोन सदस्यांची समिती नेमली. तिने नावानिशी ७१ पानांचा अहवाल दिला. कौन्सिलने २०१० मध्ये काय छापले? नावे गाळलेला आटोपशीर सारांश! पूर्ण अहवाल लोकांपुढे यायला २०११ साली माहिती आयोगाचा आदेश लागला. विकत घेतलेल्या बातमीचे नाव 'पेड न्यूज' असे गोंडस ठेवले आहे. आपल्याकडे त्याला लाच म्हणतात.

आता खिशात छापखाना

इथवर मालकांना आणि बातमीदारांना बोललो. आता थोडे आपल्याकडे बघू.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातले राईनपाडा गाव, आठवड्याचा बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच भिक्षेकरी तिथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे असा मजकूर त्या दिवसांत फोनवरून फिरत होता. जमावाने त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकले. त्यात हर्स्ट नव्हता, ड्युरान्टी नव्हता. पुढे पाठवणारे बोट तुमच्या-आमच्यासारख्याच कोणाचे तरी होते. आणि मेले ते गरिबाहून गरीब.

त्याच जुलैत मडगावच्या घाऊक मासळी बाजारात परराज्यांतून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन सापडल्याचे आधी सांगितले गेले, मग त्याच सरकारी खात्याने ते मर्यादेत असल्याचे सांगितले. पुढे काही दिवस आयातच बंद केली. खरे काय ते सरळ, एकदाच आणि वेळेवर सांगितले गेले नाही की अफवेला रान मोकळे मिळते. आणि अफवा काही ट्रक कोणता आणि रापण कोणती हे विचारत बसत नाही. पहाटे ओढलेल्या जाळ्यातली तडफडती तारलीसुद्धा त्याच संशयाच्या पाटीत जाते. आता ध्यानात आले ना, बातमीचा कल्ला बघणे हा तुमच्या पोटाचा प्रश्न कसा आहे?

पारख कशी करावी?

तुम्ही म्हणाल, आम्ही अडाणी माणसे, आम्हांला कसे कळणार? बंधूंनो, अडाणी म्हणून घेणे सोडा! बनावट खताची गोण हाताने चोळून ओळखणारा आणि पाण्याचा रंग बघून मासळीचा थवा ओळखणारा माणूस अडाणी कसा? तीच नजर कागदाकडे वळवा.

पहिला प्रश्न, हे पाहिले कोणी? बातमीत गावाचे नाव आहे का, सांगणाऱ्याचे नाव आहे का, की 'सूत्रांकडून समजते' एवढ्यावरच भागवले आहे? दुसरा प्रश्न, ज्यांच्याविषयी बातमी आहे त्यांच्यातला एक तरी माणूस बातमीत बोलतो का? खाजन जमिनीची बातमी आणि तीत फक्त मंत्री व कंपनीवाला बोलतो, जेटीची बातमी आणि तीत एकही होडीवाला नाही, तर समजा की बातमीदार दारात आलेला नाही. ड्युरान्टीची खूण हीच होती. तिसरा प्रश्न, या पानाचे पैसे कोणी दिले? कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'जाहिरात' लिहिलेले असते, ते शोधा. कुठेच लिहिलेले नसेल आणि स्तुती मात्र पानभर असेल, तर जास्तच शोधा. चौथा प्रश्न, चूक झाल्यावर हे पत्र काय करते? खोटे पहिल्या पानावर आणि खुलासा आतल्या पानाच्या तळाशी, असा ज्याचा रिवाज त्याच्या वजनात खोट आहे.

आणि सर्वांत सोपी कसोटी ही. जी घटना तुम्ही डोळ्यांनी पाहिली, तुमच्या वाड्यावरची, तुमच्या बांधावरची, ती त्या पत्राने कशी छापली ते बघा. तुम्हांला माहीत असलेल्या गोष्टीत जो फसवतो, तो दिल्ली-अमेरिकेच्या गोष्टीत खरे सांगेल काय?

खोटे सापडले तर गप्प बसू नका. संपादकाला पत्र लिहा, चार जणांच्या सह्या करून लिहा. ऐकले नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. कौन्सिल दंड करू शकत नाही, नुसते ठपका ठेवू शकते, दात नसलेला वाघ आहे खरा. पण शंभर तक्रारी गेल्या तर वाघाचे नसले तरी मालकाचे कान उभे राहतात. आणि हीच कसोटी आमच्या या साप्ताहिकालाही लावा! आम्ही चुकलो तर आमचाही कल्ला उचलून बघा, आम्ही हात धरणार नाही.

फोनवर आलेला मजकूर पुढे ढकलण्यापूर्वी मात्र क्षणभर त्या पाच भिक्षेकऱ्यांना आठवा. नासकी मासळी आपण शेजाऱ्याच्या घरी पाठवत नाही. नासकी बातमी का पाठवायची?